सा धरायचा, रे रेटायचा: बल्गेरियातलं शोप पद्धतीचं दुहेरी गाणं सहा जणींत कसं बसवावं

पेटीवर पांढरी २ आणि पांढरी ३ एकदम दाबा आणि भाता चालू ठेवा. शेजारच्या खोलीतून कुणीतरी नक्की विचारेल, "बोट चुकलं का गं?" सा आणि रे एकमेकांना घासताना जी खरखर ऐकू येते, ती आपल्या कानाला चूक वाटते. बल्गेरियात सोफिया शहराच्या आसपासच्या मुलखाला शोप म्हणतात. तिथल्या खेड्यांतल्या बायका जन्मभर नेमकी हीच खरखर गात आल्या आहेत, आणि ती नीट जमली की सूर घंटेसारखा वाजला असं म्हणतात. हे गाणं शिकायचं म्हणजे बहुतांशी ही एक गोष्ट शिकायची: शेजारणीचा सूर आपल्याला चिकटून उभा असताना आपला सूर न हलवता धरणं.

जगाने 'बल्गेरियन कॉयर' म्हणून जे ऐकलं ते याच्या पुढचं पाऊल आहे. फिलिप कुतेव यांनी १९५१ मध्ये सरकारी लोककला संच उभारला, गावोगावच्या गायिका एकत्र आणल्या आणि लोकगीतं तीन-चार आवाजांत बांधली. पुढच्याच वर्षी रेडिओचा बायकांचा संच सुरू झाला. मार्सेल सेलिए या स्विस संग्राहकाने १९७५ मध्ये काढलेल्या ध्वनिमुद्रिकेमुळे तो आवाज युरोपभर गेला. बाहेरच्या देशांतले हौशी गट सहसा या बांधलेल्या रचनांपासूनच सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. छापील स्वरलिपी हातात असते, चारही आवाज बरोबर लागतात, तरी ऐकताना चर्चमधलं गाणं बल्गेरियन पोशाख घालून आल्यासारखं वाटतं. कुतेवांच्या रचना ज्या पायावर उभ्या आहेत तो पाया गावातल्या दोन आवाजांचा आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करावी. आठवड्याला दोन बैठकी धरल्या, तर पहिलं गाणं कुणासमोर म्हणण्याजोगं व्हायला तीन महिने लागतात, असा आमचा अंदाज.

गाणं कुठलं निवडायचं

सगळा बल्गेरिया दोन आवाजांत गात नाही. शोप आणि नैऋत्येकडचा पिरिन हे दुहेरी गाण्याचे प्रदेश. रोडोपी डोंगरातली गाणी संथ, लांब श्वासाची, बहुधा एकटीने किंवा एकट्याने म्हणायची, आणि साथीला 'काबा गायदा' हा खर्जातला मोठा पिशवीबाजा (बॅगपाइप). तिथे अपवाद नेदेलिनो गावाचा, कारण ते दोन आवाजांत गातं. थ्रेस आणि दोब्रुजा या मैदानी भागांत सगळ्या मिळून एकाच सुरात गातात. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानासोबत गेलेलं वाल्या बाल्कान्स्का यांचं गाणं रोडोपीचं, एकल आहे. ते ऐकून दुहेरी गाणं शिकायला बसलात तर दोन्हीची खिचडी होईल.

ऐकायला सुरुवात बिस्त्रित्सा गावापासून करा. व्हितोशा डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या या गावातल्या आज्यांच्या गटाला युनेस्कोने २००५ मध्ये मानवतेच्या मौखिक वारशाच्या उत्तम नमुन्यांत स्थान दिलं, आणि २००८ मध्ये तो नव्या यादीत आला. पिरिनच्या बाजूच्या दोलेन आणि सातोव्चा या गावांचं उंच पट्टीतलं गाणं २०२१ मध्ये त्याच यादीत गेलं. दोन्ही एका बैठकीत ऐकू नका. महिनाभर फक्त बिस्त्रित्सा ऐका.

पहिल्यासाठी असं गाणं निवडा ज्याची चाल पाच सुरांच्या आत फिरते, ओळ आठ अक्षरांची आहे आणि प्रत्येक ओळ दोनदा येते. अशी गाणी भरपूर सापडतात: कापणीची, सेद्यान्केची (शरदात-हिवाळ्यात पोरीबाळी रात्री एकत्र जमून सूत कातत, विणकाम करत, ती बैठक), आणि ईस्टरच्या आधीच्या लाझारोव्दनच्या शनिवारी मुलींनी घरोघर जाऊन म्हणायची. काम करता करता बायकांनी म्हटलेलं गाणं आपल्याला नवीन नाही. पण जात्यावरची ओवी एकटीदुकटीची, घराच्या आतली, पहाटेची. शोप गाणं शेताच्या या टोकावरून त्या टोकाला पोचवायचं असतं, आणि त्याचा आवाज त्यावर ठरतो.

सहा जणी, दोन फळ्या

किमान सहा जणी हव्यात: तिघींच्या दोन फळ्या. प्रत्येक फळीत एक चाल म्हणणारी आणि दोघी खालचा सूर धरणाऱ्या. पहिली फळी ओळ म्हणते, दुसरी तीच ओळ परत म्हणते. एक फळी गात असताना दुसरी श्वास घेते, म्हणून गाणं कितीही लांबलं तरी कुणी दमत नाही. चौघींतही चालवता येतं, पण मग सूर धरायला एकटीच उरते आणि तिचा जरा जरी तोल गेला तरी सगळं उघडं पडतं.

बिस्त्रित्सात या कामांना नावं आहेत. चाल उचलणारी 'इझविक्वा', म्हणजे हाळी देते. बाकीच्या 'बुची' करतात, म्हणजे घुमतात. त्यातही 'क्रिवो' म्हणजे वाकडं आणि 'प्रावो' म्हणजे सरळ असा भेद आहे: वाकडं घुमणारी सूर बदलते, सरळ घुमणारी एकाच सुरावर ठाम असते. या लेखात आपण दोनच कामं धरू, हाळी आणि घुमणं. वाकडं घुमणं सहा महिन्यांनी.

गटातली सगळ्यात तयार गायिका हाळीला लावायची, ही पहिली चूक. तिला घुमायला लावा. चाल म्हणणारी थोडी इकडेतिकडे झाली तर ते रंगात खपून जातं. खालचा सा तसूभर उतरला की वरचा रे आपोआप चढा वाटतो, चाल म्हणणारी त्याला सावरायला जाते आणि दोन ओळींत अख्खी फळी अर्धा सूर खाली. हाळीला मोठा, धीट, थोडा उद्धट आवाज हवा. बारकावे नंतर शिकवता येतात.

उभं राहताना अर्धगोल करा आणि खांद्याला खांदा लावा, मध्ये हात जाईल एवढीसुद्धा फट नको. गावात कमरेच्या पट्ट्याला धरून संथ 'होरो' नाचत गातात, त्यात हे आपसूकच होतं. शेजारणीच्या हाडांतून येणारी थरथर खांद्याला जाणवली पाहिजे. भिंतीला पाठ लावून ओळीत उभं राहिलं की ज्या त्या बाईला स्वतःचाच आवाज ऐकू येतो. त्याचा इथे काही उपयोग नाही.

आवाज: आधी हाक, मग सूर

'उघडा गळा' हा शब्द या गाण्याबद्दल सगळीकडे वापरतात. त्याने गैरसमजच जास्त होतो. लोक जांभई दिल्यासारखा घसा मोठा करतात आणि आवाज गोल, मऊ, मागे जातो. इथे आवाज दातांच्या पुढे हवा: सरळ, चमकदार, धारेचा. गाताना जबडा बोलताना असतो तेवढाच उघडा, ओठ किंचित ताणलेले, जीभ पुढे. छातीचा आवाज वर चढवत न्यायचा, मध्येच पातळ आवाजात उडी मारायची नाही.

तो मिळवायचा सोपा मार्ग म्हणजे हाळी. गच्चीवर किंवा मोकळ्या जागेत जा आणि पन्नास पावलांवरच्या माणसाला "ए!" म्हणून हाक मारा. ओरडू नका, हाक मारा. दोन्हींतला फरक घशाला लगेच कळतो: ओरडताना मान आवळते, हाक मारताना पोट आत जातं आणि आवाज सुटून निघतो. आता तीच हाक थांबवून धरा, चार मात्रा, मग आठ. जो सूर लागेल तो लागू दे. तो बहुधा मध्य सप्तकात पांढरी २ ते पांढरी ४ च्या दरम्यान येतो, आणि या गाण्याचा सा तिथेच ठेवायचा आहे. एरवी काळी ४ मध्ये गाणाऱ्या बाईला पांढरी २ म्हणजे तिचा तीव्र मध्यम, म्हणजे नेहमीपेक्षा बराच वरचा सा. खालच्या पट्टीत हे गाणं गाता येतं, पण धार येत नाही.

मराठी गळ्याच्या तीन सवयी इथे आड येतात. पहिली मींड: आपण सुरावर सरकत पोचतो, इथे सूर थेट ठोकायचा. दुसरी, लांब सूर गोड करायला दिलेला बारीक कंप. कंप आला की सा-रे मधली खरखर अस्थिर होते आणि घंटा वाजायची थांबते. तिसरी, ओळीच्या शेवटी आवाज विरवत नेणं. शोप गाण्यात आवाज लहानमोठा होत नाही. पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत एकच जोर, आणि मग एकदम बंद.

सुरुवातीच्या बैठकीत सलग वीस मिनिटांहून जास्त गाऊ नका, मग दहा मिनिटं गप्प बसा. खरंच गप्प, गप्पा मारायच्या नाहीत. गाताना घशात खाज आली किंवा खोकला आला तर तुम्ही रेटताय. दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज बसलेला असेल तर त्या दिवशी गाणं बंद. उष्ण हवेत तासाला पेलाभर पाणी तरी लागतंच.

पहिले दोन आठवडे एकच सूर

तंबोऱ्याचं ॲप पांढरी २ वर लावा, पंचम बंद करा आणि फक्त सा ठेवा. आता सहाही जणी मध्य सप्तकातल्या त्या सा वर 'ए' धरा. पाच-पाच सेकंद, मग दहा. ऐकायचं काय? लाटा. दोन आवाज अगदी जवळ, पण एक नसतील तर सूर 'वाँव-वाँव' करत हलतो. दोन आवाजांच्या कंपनसंख्येत जितका फरक, सेकंदाला तितक्या लाटा. सेकंदाला तीन लाटा मोजता आल्या, तर तुमच्यात तीन हर्ट्‌झचा फरक आहे. लाटा मंद होत होत थांबेपर्यंत एकीने जागा सोडायची नाही आणि दुसरीने शोधत यायचं. दोघींनी एकदम शोधायला सुरुवात केली की दोघी एकमेकींभोवती फिरत बसतात.

स्वर एक असला तरी उच्चार वेगळा असेल तर सूर मिळत नाही. एकीचा 'ए' आणि दुसरीचा 'ॲ'कडे झुकलेला 'ए' एकाच सुरात असूनही दोन वाटतात. समोरासमोर उभं राहून एकमेकींच्या ओठांची ठेवण जुळवा. कंटाळवाणं काम आहे, आणि ते टाळलेले गट वर्षभर "काहीतरी कमी आहे" म्हणत राहतात.

मग तंबोरा बंद करा. एक मिनिट धरा, परत चालू करा. सूर जिथे होता तिथेच असेल तर पुढे जा. बहुतेक गट उतरतात. कारण दमापेक्षा जबड्यात असतं: दहाव्या सेकंदाला जबडा मिटू लागतो आणि सूर त्याच्यासोबत खाली येतो.

आता रे

दोघी सा धरतील. तिसरी आधी त्यांच्यासोबत सा म्हणेल, लाटा थांबेपर्यंत, आणि मग एका झटक्यात रे वर जाईल. सरकत जायचं नाही. पहिल्यांदा तीनपैकी एक गोष्ट होतेच. रे म्हणणारी ग कडे पळते, कारण तिथे गोड लागतं. किंवा ती घाबरून आवाज लहान करते. किंवा सा धरणाऱ्यांपैकी एक जण तिच्या मागोमाग वर सरकते. पहिल्या दोन्हींवर उपाय एकच: तिने डाव्या कानावर तळवा धरून हळूहळू आवाज वाढवायचा, दोघींच्या एकत्र आवाजाएवढा होईपर्यंत. तिसऱ्या चुकीला उपाय नाही, ती बाई अजून पहिल्या दोन आठवड्यांतच आहे. तिला परत तंबोऱ्यापाशी बसवा.

खरखर का होते ते कळलं की भीती जाते. मध्य सप्तकातली पांढरी २ म्हणजे सुमारे २९४ हर्ट्‌झ, पांढरी ३ सुमारे ३३०. फरक ३६ चा. सेकंदाला तीन लाटा मोजता येतात, छत्तीस येत नाहीत. कान त्यांना एक घर्षण, एक करकर म्हणून ऐकतो. ही करकर ठाम आणि एकसारखी राहिली की 'घंटा' वाजते. सूर हलला की फरक तीस-चाळीसच्या मध्ये खालीवर होतो आणि ऐकणाऱ्याला बेसूर वाटतं. घंटा आणि बेसूर यांतला फरक दोन सुरांच्या अंतरात फारसा नाही, स्थिरतेत आहे.

पुरुषांनी हेच एक सप्तक खाली गायलं तर फरक अठरावर येतो आणि आवाज जाडाभरडा, गुरगुरता होतो. वाईट नाही, पण वेगळा. मिश्र गटात बायका आणि पुरुष एकाच फळीत घालू नका.

पेटी आता बाजूला ठेवा. गावातल्या गायिकांचा हा रे पेटीच्या रे शी जुळेलच असं नाही. पुष्कळदा तो उतरलेला असतो, कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी. श्रुतींची भाषा ऐकलेल्या आपल्या लोकांना हे समजायला जड नाही. ठरावीक जागा शोधू नका. करकर सगळ्यात दाट कुठे होते ते शोधा आणि तिथे थांबा. मग रोज तिथेच थांबा.

हा आमचा सरावाचा तुकडा आहे, कुठल्या गाण्याचा नव्हे. चार मात्रांचा विभाग, लय सावकाश:

हाळी: रे रे ग रे । ग म ग रे । रे – – – । नि – सा –
घुमणं: – – – सा । सा – – – । सा – – – । सा – सा –

नि खालच्या सप्तकातला, कोमल. पहिल्या तीन मात्रा हाळी एकटीच, घुमणाऱ्या चौथ्या मात्रेला आत येतात. या प्रवेशाला हाळीचा रे चालू असतो, म्हणजे सा थेट खरखरीतच उतरतो. इथेच घोडं पेंड खातं. घुमणाऱ्यांनी सा मनात आधीच धरलेला नसेल तर त्या रे वरच जाऊन बसतात आणि दुहेरी गाण्याचं एकेरी होतं. तिसऱ्या विभागातला लांब रे कमी करू नका, सगळा तुकडा त्याच्यासाठी आहे. चौथ्या विभागात हाळी सा च्या खाली उतरते, म्हणजे करकर आता खालच्या बाजूने, आणि शेवटी सगळ्या एका सुरात मिळतात. त्या क्षणी लाटा शून्य हव्यात. दोन आठवडे एकच सूर धरला तो यासाठी.

घुमणाऱ्यांना इथे एक मोह होतो: हाळी नि वर उतरली की त्याही खाली सरकतात. काही गाण्यांत खालचा सूर खरोखरच बदलतो, पण ते ठरवून. या तुकड्यात सा हलवायचा नाही.

शेवट, उडी आणि थरथर

ओळ संपताना हाळी पुष्कळदा शेवटच्या सुरावरून एक झपकन उडी वर मारते, 'ई' किंवा 'इह' अशी, साधारण सप्तकभर, आणि लगेच आवाज तोडते. याला 'प्रोविक्वाने' म्हणतात. उडी अर्ध्या सेकंदाहून लांबली तर किंकाळी होते. ती छातीच्या आवाजात मारायची नसते. वर जाताना गळा स्वतःच पातळ आवाजात फुटू द्यायचा, तो फुटण्याचा आवाजच हवा असतो. आधी शाळकरी पोरांसारखं नुसतं 'यू-हू' करून बघा. घुमणाऱ्या त्याच क्षणी बंद होतात. एकीचा सा मागे लोंबकळत राहिला की उडीचा सगळा परिणाम गेला, म्हणून तोडायची खूण ठरवा: पट्ट्याला धरलेल्या हाताची एक दाब पुरते.

'त्रेसेने' म्हणजे थरथरवणं. लांब सुरावर गळ्याने दिलेले सुटे सुटे झटके. गमकाचा सराव असलेल्यांना वाटतं की हे येतंच आपल्याला. नाही. गमकात सूर दोन जागांमध्ये झुलतो, इथे सूर जवळपास जागेवर राहतो आणि हवा तुटते. पहिले सहा महिने याच्या वाटेला जाऊ नये, असं आमचं मत. अर्धवट त्रेसेने बकरीच्या आवाजासारखं ऐकू येतं.

शब्द

बल्गेरियन उच्चार मराठी माणसाला इंग्रजांपेक्षा सोपे जातात. त्यांचे प, त, क आपल्यासारखेच, हवा न सोडता. 'चमचा'मधला च त्यांच्याकडे आहे, 'चिमणी'मधला वेगळा च सुद्धा आहे. र जोरात फिरवलेला. आणि त्यांचा सहावा स्वर म्हणजे जवळपास आपला 'अ': हाताला ते 'रऽका' म्हणतात, वाटेला 'पऽत्'. हा अ देवनागरीत लिहिताना अवग्रह घालून लिहा, नाहीतर मराठी डोळा तो सवयीने गाळतो. उलट जिथे व्यंजनावर शब्द संपतो तिथे पाय मोडा. शब्दाच्या शेवटचे ग, द, ब कठोर होतात: शहराला लिहितात 'ग्राद', म्हणतात 'ग्रात्'. अडचण एकाच व्यंजनाची, 'झेना' (बाई) मधल्या झ ची. तो आपला झ नाही. 'श' म्हणत असताना गळ्यावर बोट ठेवा आणि आवाजाची थरथर सुरू करा, तो आला.

शोप गाण्यांत ओळीच्या मध्ये शब्दच अर्धा तोडून थांबतात आणि पुढच्या दमाला तो पूर्ण करतात. लिखित शब्द वाचून गाणारे इथे शहाणपणा करून शब्द जोडतात. तोडलेलं तसंच तोडा. गाण्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असावा, ओळन् ओळ, पण अर्थानुसार आवाजात भाव भरू नये. सावत्र आईचं दुःख आणि कापणीची घाई एकाच आवाजात म्हणतात.

ताल

कापणीची बरीच गाणी तालाबाहेर, श्वासाच्या मापाने चालतात. ती आधी घ्या. नाचाची गाणी घेताना मात्र विभाग कळायला हवेत, आणि इथे रूपक-झपताल ऐकलेल्या कानाची चांगली सोय होते. 'राचेनित्सा' सात मात्रांचा, २+२+३: तक तक तकिट. 'चेत्वोर्नो' सातचाच, पण ३+२+२, म्हणजे विभागणी रूपकाची. 'पायदुश्को' पाचचा, २+३. 'दायचोवो' नऊचा, २+२+२+३. 'कोपानित्सा' अकराचा, २+२+३+२+२. फरक वेगाचा आहे. राचेनित्साचं एक आवर्तन साधारण सेकंदाभरात होतं, त्यामुळे मात्रा मोजायला वेळच नसतो. दोन आखूड आणि एक लांब, असे तीनच ठोके पायात बसवा. चूक नेहमी लांब ठोक्यात होते: तो आखूड ठोक्याच्या दुप्पट होतो आणि सातचे आठ होतात. टाळ्या वाजवत नका शिकू, चालत शिका. पाय खोटं बोलत नाहीत, आणि शेवटी नाचायचंच आहे.

बांधलेल्या रचनांकडे

दोन-तीन गावाकडची गाणी पक्की झाली की कुतेव किंवा त्यांच्यानंतरच्या रचनाकारांच्या रचना घ्यायला हरकत नाही. तिथे सहसा चार आवाज असतात, गायिका पंधरा-वीस तरी लागतात आणि समोर हात दाखवणारी बाई लागते. दोन फळ्या नसल्यामुळे श्वासही वेगळा: एका आवाजातल्या सगळ्या जणी एकदम दम घेत नाहीत, शेजारणीने घेतल्यावर आपण घ्यायचा, शब्दाच्या मध्यात, कधीही ओळीच्या टोकाला नाही. आवाजाचा चढउतार इथे असतो, कारण ते रंगमंचाचं गाणं आहे. पण मधल्या आवाजांत लपलेले सा-रे सापडवा आणि त्या दोन आवाजांना आधी एकटं गाऊ द्या. पानावर ते दोन शेजारचे ठिपके असतात, लोक ते नम्रपणे, हलक्या आवाजात म्हणतात. तसं नको.

ध्वनिमुद्रण

फोन चार मीटर लांब, छातीच्या उंचीवर ठेवा. फोनमध्ये आवाज आपोआप कमीजास्त करण्याची आणि पार्श्वभूमीचा गोंगाट गाळण्याची सोय असेल तर दोन्ही बंद करा. ती चालू असली तर उडीच्या क्षणी सगळं दबतं. गोंगाट गाळणाऱ्या यंत्रणेला एकाच सुरात सलग चालणारा आवाज पंख्यासारखा वाटतो, त्यामुळे घुमणाऱ्या दोघी मुद्रणातून चक्क नाहीशा होतात आणि हाळी एकटी उरते. पुणे, दुबई आणि न्यू जर्सीत विखुरलेल्या मैत्रिणींना व्हिडिओ कॉलवर याच कारणाने हे गाणं बसवता येत नाही, शिवाय आवाज उशिरा पोचतो ते वेगळंच. कॉलवर उच्चार आणि शब्द उरका. सा धरायला एका खोलीत या.